पुएब्लात काय खावं, कुठं आणि किती वाजता (श्रावण पाळणाऱ्या आईला घेऊन)

जाताना आईनं तीन किलो भडंग बांधून घेतलं होतं, वर शेंगदाण्याची चटणी आणि डबाभर दशम्या, आणि निघताना त्यातलं अडीच किलो भडंग दादाच्या फ्लॅटमध्ये तसंच ठेवून आलो, म्हणजे खरं तर रिव्ह्यू इथंच संपला. पण आल्यापासून सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये आणि ऑफिसात मिळून दहा जणांनी तरी विचारलंय की मेक्सिकोत आपल्यासारख्या माणसाला खायला काय मिळतं, त्यातल्या दोघांची पोरं तिकडंच पार्ट्सच्या कंपनीत जायच्या तयारीत आहेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी सगळं खाते. आई मटण-मासे अजिबात नाही, अंडं बेकरीतलं चालतं पण दिसलं की चालत नाही, आणि आम्ही गेलो नेमके श्रावणात.

पुएब्ला मेक्सिको सिटीपासून साधारण १३० किलोमीटर, बसनं दोन-अडीच तास, विमानतळावरनंच थेट बस मिळते त्यामुळं त्या राक्षसी शहरात शिरायची गरजच नाही. फोक्सवॅगनचा मोठा कारखाना आहे तिथं, जुनी गोल पाठीची बीटल जगात सगळ्यात शेवटी २००३ मध्ये तिथंच बनली, आणि त्याच्या आजूबाजूला पार्ट्सवाल्या कंपन्या, त्यातल्या एकीत दादा क्वालिटीला आहे. गाव २१०० मीटरच्या वर म्हणजे महाबळेश्वर खाली राहिलं, ऑगस्टमध्ये दुपारी चार वाजले की पाऊस ठरलेला आणि संध्याकाळी चांगलंच गार, स्वेटर न्या. जुन्या गावातले रस्ते नंबरांचे आहेत, सोकालो म्हणजे मधल्या चौकापासून उत्तरेचे आडवे रस्ते सम आकड्यांचे, दक्षिणेचे विषम, पूर्वेकडचा तुकडा ओरिएंते आणि पश्चिमेकडचा पोनिएंते. आईला हे माझ्याआधी कळलं, तिसऱ्या दिवशी ती मला सांगत होती की अगं आपण चार पोनिएंतेला आलो, सहा पुढं आहे.

आता मुद्दा. तिथं हॉटेल शोधत बसू नका, पदार्थ धरा आणि त्याची वेळ धरा. एक गाडा एकच वस्तू करतो, ती वस्तू ठरलेल्या वेळीच मिळते, आणि वेळ चुकली की मग तुम्ही नाइलाजानं चौकातल्या कमानींखाली टेबलखुर्चीवर जाऊन बसता आणि पैसे घालवता. आम्ही पहिल्याच दिवशी तेच केलं. विमानाचा शीण, पाच वाजलेले, समोर कमानी, छान टेबलक्लॉथ, वाजवणारी मंडळी, आणि मी मागवलं ते इथलं नावाजलेलं मोले पोब्लानो, म्हणजे मिरच्या-मसाल्याच्या वाटणाचा दाट रस्सा. आलं ते कोमट, वर साय धरल्यासारखा थर, टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ रोट्या, गार आणि कडेला वाळलेल्या. नाव सांगत नाही, ओळीत तशी चार-पाच आहेत, त्यातलं एक. बिल बघून दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

त्याच जेवणात आईनं घेवड्यासारख्या काळ्या बियांची मऊ उसळ मागवली, घोटलेली, अर्धी ताटली संपवली आणि म्हणाली, "बघ किती मऊ शिजवलाय, फोडणी पण नाही तरी चव आहे." चव का आहे ते दादानं मग वेटरला विचारलं. डुकराची चरबी. मान्तेका म्हणतात तिला, आणि तिकडं ती आपल्या तेलासारखी कशातही असते, घोटलेल्या बियांत, तामाल म्हणून वाफवलेला पदार्थ असतो त्याच्या पिठात, तळणात. दादा माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं, आणि दोघांनीही काही न बोलता ती ताटली सरकवून घेतली. आई हे वाचणार नाही, ती फक्त यूट्यूब बघते, तुम्ही कुणी सांगू नका.

तर ज्यांच्या घरी कुणी शाकाहारी आहे त्यांनी हे पाठच करा, "सिन मान्तेका", म्हणजे चरबी नको. नुसतं "सिन कार्ने", मांस नको, एवढ्यानं भागत नाही, कारण कार्ने म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर फोडी येतात, चरबी किंवा चिकनचं पाणी त्यात धरत नाहीत. आणि जे चिकन-मटण खातात पण बीफ नको त्यांनी "रेस" हा शब्द लक्षात ठेवा, रेस म्हणजे गाय-बैलाचं, सेर्दो म्हणजे डुक्कर, पोयो म्हणजे कोंबडी. विचारलं की कुणी चिडत नाही. एका गाड्यावर तर बाईनं स्वतःहून मान हलवून नको नको केलं आणि पलीकडच्या गाडीकडं बोट दाखवलं.

ती पलीकडची गाडी म्हणजे आमच्या सगळ्या ट्रिपचं फळ. एल कार्मेन मार्केटच्या बाहेरच्या अंगाला फुटपाथवर एक सेन्योरा बसते, समोर कोळशावर मोठा तवा, त्याला कोमाल म्हणतात, मांडीशी ओल्या फडक्याखाली निळसर पीठ. निळंच, रंग घातलेला नाही, मकाच तसा. लिंबाएवढा गोळा घ्यायचा, अंगठ्यानं खळगा करायचा, त्यात सुक्या वाटाण्यासारख्या दाण्याचं घोटलेलं पुरण भरायचं, तोंड मिटायचं आणि दोन्ही तळव्यांत चापट्या मारत लांबट करायचं, दोन टोकं निमुळती, होडीसारखं. तव्यावर टाकलं की कडेनं पापुद्रा सुटेपर्यंत उलटायचं नाही. वर निवडुंगाची कोशिंबीर, कांदा, चुरडलेलं पांढरं चीज, हिरवी किंवा लाल चटणी. त्लाकोयो. पंचवीस पेसो, म्हणजे सव्वाशे रुपयांच्या आत, दोन खाल्ले की दुपार निघते. दादानं आधी पुरणाचं विचारून घेतलं, चरबी नव्हती.

आई तिथं पंधरा मिनिटं उभी. पुरणपोळी उभ्या जन्मात हजारो लाटल्या असतील तिनं, त्यामुळं तिचे डोळे त्या बाईच्या हातावरच. शेवटी तिला राहवेना, तिनं हात पुढं केला, बाईनं हसून एक गोळा दिला. आईनं भाकरीसारखा थापला, गोल, एकसारखा, कडा न फाटता, मला अभिमानच वाटला. बाई म्हणाली, "गोर्दिता!" आणि पोरंसोरं हसायला लागली. गोल केलं की त्याचं नाव बदलतं म्हणे, ती गोर्दिता, म्हणजे जाडुली. मग बाईनं तोच गोळा घेऊन दोन्ही टोकांना दाबला आणि तव्यावर टाकला. आईला जाडुली कळलं नाही ते बरंच.

पिठाची गोष्ट थोडी सांगते कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे. मका तसाच दळत नाहीत, चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, सकाळी चोळून सालपट काढतात आणि मग ओलाच वाटतात. तंबाखूच्या डबीतला असतो तोच चुना. त्यानं पीठ चिकट होतं, म्हणून थापलं की फाटत नाही, मक्यात कॅल्शियम उतरतं आणि त्यातलं नायसिन अंगी लागतं. ज्या देशांनी मका उचलला पण चुना सोडला तिथं मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडल्याचा रोग, व्हायचा. दारावरनं जाताना वास येतो तो हाच, ओल्या भिंतीला नवा चुना मारल्यासारखा, आणि तो आला की आत जायचं. वाटायला पूर्वी मेताते, म्हणजे आपला पाटाच, फक्त त्याला तीन पाय आणि उतार. आई म्हणाली, उतार असल्यावर कंबर कमी दुखत असेल.

त्याच गाडीवर काणीचा, म्हणजे कणसावर पडणाऱ्या काळ्या बुरशीचा, किस्सा झाला. बाईनं एका भांड्यातलं काळं, ओलसर, फुगलेल्या दाण्यांचं काहीतरी तव्यावर परतायला घेतलं, बाजूला ताजी कणसं होती तीच करड्या गाठींची. आमचं माहेर तासगावकडचं, द्राक्षाच्या आधी ऊस-मका सगळं केलेलं घर. आई एकदम माझ्या कानात, "आगं ही तर काणी! हे लोक काणी पडलेला मका खातात? आपल्याकडं कणीस उपटून जाळतात की." खरंच काणीच ती, वित्लाकोचे म्हणतात, पावसाळ्यात येते, आणि साध्या कणसापेक्षा महाग विकली जाते. मी खाल्ली. चव मशरूमच्या जवळची, मातकट, मागं मक्याचा गोडवा, एपासोते नावाचा एक उग्र पाला घालतात त्यानं ती उठते. मला एवढी आवडली की तीन वेळा खाल्ली. आईनं नाही. "उद्या उसाची चाबूक काणी आणून देतील" म्हणाली, आणि नंतर व्हिडिओ कॉलवर मामाला सगळ्यात आधी हेच सांगितलं.

निवडुंग मात्र आवडीनं खाल्ला. नोपाल, फड्या निवडुंगाचीच पानं, बाजारात बायका सुरीनं काटे सोलत बसलेल्या असतात, आपल्याकडं शेंगा सोलतात तशा. शिजल्यावर भेंडीसारखी तार सुटते, जराशी आंबट.

सेमिता आता. पुएब्लाचा पाव आणि त्याच पावाचं सँडविच, दोन्हीला तेच नाव. पाव गोल, वर तीळ भरपूर, बाहेरून कडक, आतून थोडासा गोडसर. एल कार्मेन मार्केटच्या आत सेमितांची दुकानं आहेत, लास पोब्लानितास हे त्यातलं नावाजलेलं, रांग लागते, पण शेजारच्यांचंही वाईट नसतं. कटलेटसारखं पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेलं पातळ मांस, त्याला मिलानेसा म्हणतात, चिकन-पोर्क-बीफ हवं ते सांगा, त्यावर आव्होकाडो, कांदा, चिपोत्ले मिरची, आणि केसीयो म्हणजे दोऱ्यादोऱ्याचं चीज, ते तर असं ढीगभर की पाव मिटत नाही. बाई एका हातानं ते चीज सोडवत असते, अगदी सुताच्या गुंडीसारखं, आणि दुसऱ्या हातानं पाव दाबत असते. चिपोत्ले म्हणजे कुणी वेगळी मिरची नव्हे हं, पिकलेली हालापेन्यो धुरावर वाळवली की तिचं नाव चिपोत्ले, आणि आपल्या ढबूची लांबट बहीण असते ती पोब्लानो मिरची पिकवून वाळवली की तिचं नाव आंचो. सुकलं की नाव बदलतं.

सेमितात पापालो नावाचा पाला असतो, गोल पानांचा, काउंटरवर पाण्याच्या ग्लासात गुच्छ ठेवलेले असतात फुलांसारखे. पहिल्या घासाला साबण खाल्ल्यागत वाटलं, मी काढून टाकला. दुसऱ्या दिवशी तोच नसताना सेमिता फिका लागला, तेव्हा कळलं. आईचा सेमिता मांसाशिवाय, चीज-आव्होकाडो-मिरची, पापालोसकट, तिला पहिल्याच घासाला आवडला, "कोथिंबिरीच्या वरताण" म्हणाली. शंभर पेसोच्या आसपास, एकात दोघांचं होतं. दुपारी एक-दीडला जा, तीनला पाव संपत आलेले असतात.

तामाल सकाळी, आठ-नऊपर्यंत. कोपऱ्याकोपऱ्यावर मोठी स्टीलची डेगं वाफाळत असतात, आत मक्याच्या पानात गुंडाळलेलं पीठ, सोबत आतोले म्हणजे मक्याचं दाट गरम पेय, आपल्या आंबिलाचं गोड भावंड. कामाला निघालेली माणसं तो तामाल पावात घालून खातात. पिठात पीठ, म्हणजे वडापाव खाणाऱ्यांनी हसू नये. आईला तामाल नाही कारण पिठातच चरबी, गोड गुलाबी असतात त्यातही. आतोले तिला चाललं, दोन ग्लास.

चालुपा संध्याकाळच्या, सान फ्रान्सिस्को चर्चच्या भागात. तळहाताएवढ्या टॉर्टिया, लाल चटणी-हिरवी चटणी, वर मांसाचे तंतू आणि कांदा, सगळं मोठ्या तव्यावर चरबीत. चरबी हीच चव, त्यामुळं सिन मान्तेका मागण्यात अर्थ नाही. गरम आहेत तोवरच खायच्या, फोटो काढत बसलात तर चामडं होतं. त्याच वेळेला आईसाठी चिलेआतोले सापडलं, मक्याचे दाणे आणि हिरवी मिरची घालून पिठानं दाट केलेलं हिरवं सूप, थर्माकोलच्या ग्लासात, वर लिंबू. पाऊस पडून गेलेला, हात गारठलेले, आणि ते तिखट गरम पाणी. मला विचाराल तर पुएब्लात सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त सुख ह्यात आहे आणि ह्याचं नाव कुणी घेत नाही.

मोलेला परत संधी दिली. सांता रोसाच्या जुन्या मठाचं स्वयंपाकघर आहे, भिंती, छत, ओटे सगळं तालावेरा म्हणून रंगीत नक्षीच्या टाइल्स असतात त्यांनी मढवलेलं, मोले तिथं एका नननं पहिल्यांदा केलं अशी दंतकथा सांगतात. दंतकथाच असणार, कारण नुसत्या मोले शब्दाचं मूळ तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेतलं आहे, चटणी-वाटण अशा अर्थाचं, म्हणजे नन यायच्या आधीपासून कुणीतरी वाटत होतंच. मिरच्याच तीन-चार जातींच्या, त्यात तीळ, बदाम, शेंगदाणे, लवंग, दालचिनी, धणे, बेदाणे, तळलेलं केळं, जाळलेली टॉर्टिया, आणि चॉकलेट. आई यादी ऐकून म्हणाली, चॉकलेट सोडलं तर ह्यात नवीन काय. आणि बाजारात मोलेची पेस्ट ढिगानं विकायला असते, काळी, तांबूस, हिरवी, वजनावर, बायका बोटावर घेऊन चव बघून घेतात. आपण मिरच्या-धणे-खोबरं भाजून डंकावर कुटायला नेतो, वर्षाचं कांदा-लसूण डब्यात भरतो, तेच.

दुसऱ्यांदा मी फोंदा दे सांता क्लारात खाल्लं, ३ पोनिएंतेवर, जुनं नाव आहे, गरम आलं, वर भाजलेले तीळ, आणि तेव्हा कळलं की हे तिखट नाहीच. आपण मिरचीचा रंग बघून तिखटाची तयारी करतो आणि जिभेवर येतं ते आधी गोडसर, मग भाजल्याचा कडवटपणा, आणि तिखट अगदी शेवटी, पाहुणा चपला घालताना बोलतो तसं. ज्यांना तांबड्या रश्श्यासारखी मुस्काटात हवी त्यांनी मोलेच्या वाटेला जाऊ नये, टेबलावरची हाबानेरो मिरचीची चटणी मागावी. पांढऱ्या भातावर मोले घेतलं तर जास्त आवडेल असं माझं मत. शाकाहारी मोले शोधण्यात वेळ घालवू नका, रस्सा चिकनच्या पाण्यातला असतो.

चिले एन नोगादा हा फक्त जुलै ते सप्टेंबर, कारण ताजे अक्रोड आणि डाळिंब तेव्हाच. ती पोब्लानो मिरची भाजून सोलायची, आत खिमा आणि पेर-सफरचंद-पीच, वर अक्रोडाचा पांढरा सॉस, डाळिंबाचे दाणे, पार्सली, म्हणजे त्यांच्या झेंड्याचे तीन रंग. १८२१ मध्ये स्वातंत्र्याच्या वेळी त्यांचा सेनापती इतुर्बिदे पुएब्लात आला तेव्हा सांता मोनिकाच्या ननांनी केला अशी गोष्ट सांगतात. दादानं फोन करून बिनखिम्याचा, अंड्याचं आवरण नसलेला करून मिळेल का ते आधीच विचारून ठेवलं होतं, मिळाला. आईनं पहिला घास घेतला, थांबली. "मिरचीत सुकामेवा? हे म्हणजे श्रीखंडात बुडवलेली भरली ढबू." पण ताटली पुसून खाल्ली. डाळिंबाचे दाणे मात्र चमच्यावर घेऊन उजेडात बघून झाले, आटपाडीच्या डाळिंबापुढं काहीच नाही असा निकाल लागला. तीनशे पेसोच्या पुढं जातो, एकदाच खावा, दोघांत एक. मला तो जेवण कमी आणि सणाचं पक्वान्न जास्त वाटला, सॉस गार असतो हे माहीत नसेल तर दचकाल.

श्रावणी सोमवारची मला काळजी होती, आई तिथंही धरणार हे नक्की. आणि तोच दिवस सगळ्यात सोपा गेला. ६ ओरिएंतेला मिठाईची गल्लीच आहे, दुकानाला दुकान लागून, आणि पहिल्याच दुकानात राजगिऱ्याची वडी. हुबेहूब. आलेग्रिया म्हणतात, म्हणजे आनंद. पुढं शेंगदाण्याची चिक्की, पलान्केता, आणि मग कामोते, रताळं उकडून साखरेत आटवून बोटाएवढ्या कांड्या केलेल्या, लिंबाच्या-संत्र्याच्या वासाच्या, मेणकागदात गुंडाळून. राजगिरा, शेंगदाणे, रताळं. हे सगळं आपल्याकडं आलं ते तिकडच्याच बाजूनं, मिरची तर पोर्तुगिजांच्या जहाजातनं, आणि आपण ते उपासाला धरलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग उपास त्यांनी धरायला पाहिजे." बाकी त्या गल्लीत भोपळ्याच्या बियांचं सारण घातलेली सांता क्लाराची बिस्किटं घ्या, कामोते चार खाल्ले की पुरे होतात, गोड फार. त्याच रस्त्यावर सेर्दान कुटुंबाचं घर आहे, नोव्हेंबर १९१० मध्ये त्यांच्या क्रांतीची पहिली गोळीबारी इथं झाली, भिंतीवर गोळ्यांचे खड्डे अजून आहेत, आणि त्या खड्ड्यांसमोर उभं राहून लोक बोर्राचितो म्हणून दारू घातलेली जेलीसारखी मिठाई खात असतात.

रात्री रताळंवाल्याची गाडी येते, लाकडाची भट्टी चाकावर, आणि वाफेची शिट्टी. ती शिट्टी म्हणजे थेट इंजिनाची, लांब, खाली घसरत जाणारी. पहिल्या रात्री आई झोपेतनं उठून बसली, "मिरज आलं?"

तिला झोपवून दादा आणि मी ताको आराबे खायला निघायचो. १९३० च्या दशकात इराक-लेबनॉनकडून आलेल्या लोकांनी शावर्माच इथं आणला, पण मटणाऐवजी पोर्क, रोटी गव्हाची, चटणी चिपोत्लेची. ला ओरिएंताल १९३३ पासूनचं, बाग्दादही जुनं. उभ्या सळईवरनं सुरी फिरते, कडेचा जळका तुकडा मागून घ्यायचा. अरबांचा पदार्थ, डुकराचं मांस, आणि खाणारे आम्ही, श्रावणात, सांगलीचे. पुढं काही लिहीत नाही.

बेदाण्याच्या लोकांनी ला पासीता चुकवू नये. लोस सापोस भागात, १९१६ पासून, टीचभर दुकान, आत बेदाण्याची दारू छोट्या ग्लासात, त्यात काडीला एक चीजचा तुकडा आणि एक बेदाणा. आई बाहेर थांबायला तयार नव्हती, कारण बेदाणा म्हटल्यावर तो तिचा विषय. तिनं काडी उचलली, झटकली, बेदाणा खाल्ला. "आपला माल लांब असतो ह्याच्यापेक्षा." ग्लास दादाकडं सरकवला. शनिवार-रविवारी त्याच गल्लीत जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथं तिनं पाटा विकत घ्यायचा हट्ट धरला होता, तो कसा परतवला ते आमचं आम्हाला माहीत.

चोलुला गाव जवळच, तिथं जुन्या पिरॅमिडवर चर्च, गवतानं झाकलेला असल्यामुळं डोंगरच वाटतो. वर चढताना टोपल्यात भाजलेले नाकतोडे विकतात, लिंबू-मीठ-मिरची लावून. मी चार खाल्ले. भडंगातला करपलेला लसूण लागतो ना, तसं. बास.

बाकी फुटकळ. रोख जवळ ठेवा, गाड्यावर कार्ड धरू नका. बसून खायच्या ठिकाणी दहा-पंधरा टक्के टीप देतात. दुपारचं मुख्य जेवण दोन ते चार, त्या वेळी साध्या खानावळीत ठरलेलं ताट स्वस्तात मिळतं, सूप-भात-मुख्य पदार्थ-सरबत. सरबतात चिंचेचं मिळतं, तामारिंदो, चिंच तिकडं समुद्रापलीकडनंच गेली. पाणी बाटलीचंच. हिरवी चटणी लालपेक्षा सौम्य असेल असं समजून मी दोन चमचे ओतली आणि एक अख्खा दिवस दादाच्या फ्लॅटमध्ये काढला, त्या दिवशी मात्र भडंगाचा अर्धा किलो कामी आला.

आल्यावर आईनं ते पीठ करायचं मनावर घेतलंय. गणपती पेठेत पांढरा मका विचारला तर दुकानदार म्हणाला, कोंबड्यांना पाहिजे का? दोन किलो घेतला. चुना पानपट्टीवरनं. पहिल्यांदा चुना जास्त झाला, घरभर रंगकाम काढल्याचा वास आणि टॉर्टिया पिवळीधमक. दुसऱ्यांदा रंग बरा पण थापली की कडा फाटायच्या, मिक्सरला दोष देऊन झाला, पाटा आणायचा राहिल्याचं मला ऐकवून झालं. मग परवा रात्री साडेनऊला, तिकडं सकाळचे दहा, दादा सुट्टी होती म्हणून त्या सेन्योरासमोर फोन धरून उभा. आईनं इकडनं परात कॅमेऱ्याला दाखवली. बाईनं बघितलं, मान हलवली, शेजारच्या भांड्यात बोटं बुडवून फोनवरच शिंपडली, दादाचा स्क्रीन ओला. पाणी. पाणी कमी पडत होतं. आईनं लगेच हात ओला करून गोळा मळला, थापला, ह्या वेळी लांबट, दोन टोकं निमुळती, आणि तव्यावर टाकून म्हणाली, "विचार तिला, आता तरी जाडुली म्हणते का." म्हणजे तेव्हा कळलं होतं तर.